सटवाजीची लाल काच

लाल दिव्याखाली लाल कुंकू दिसत नाही. आज हे मी शहाण्यासारखं सांगते, पण मला ते भलत्या वेळी कळलं, आणि कळलं तोवर एका माणसाच्या जन्माचं मातेरं करून झालं होतं. झालं असं, की लग्न होऊन नुकती सासरी आले होते तेव्हा मी एकदा चोरून सटवाजी फोटोवाल्याच्या अंधारखोलीत शिरले आणि त्याच्या एका फोटोतल्या झाडून सगळ्या बायकांच्या कपाळाला ओलं कुंकू लावलं. एक बोट लावलं, दिसेना. दुसरं लावलं, तेही दिसेना. मला वाटलं, कागद पितोय मेला. मग आणखी लावलं. गंधाची बाटली निम्मी रिकामी झाली तेव्हा बाईसाहेब थांबल्या, तेही कुंकू दिसलं म्हणून नाही, बाहेर कुणाची तरी खोकल्याची उबळ ऐकू आली म्हणून. त्या फोटोत एक बोकड होता. त्यालाही लावलं.

तेव्हाच्या मला आपण 'ती शहाणी' म्हणू. ती शहाणी मॅट्रिक पास होती आणि ते तिच्या चालण्यावरूनसुद्धा कळावं असा तिचा प्रयत्न असायचा.

आमचं मानवतला किराणा दुकान. आम्ही लिंगायत वाणी. दुकानामागं मालाची मोठी खोली होती. तिचा एक कोपरा मधे पत्रा ठोकून माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, सटवाजीला दिला होता. पत्र्याच्या अलीकडं आमची तुरीची पोती, पलीकडं त्याची अंधारखोली. दाराला दार नव्हतं, गोणपाटाचे दोन पडदे होते. आत एकच दिवा, लाल. बाहेर रस्त्याच्या बाजूला त्यानं एक बाकडं टाकून त्याला स्टुडिओ म्हणायला सुरुवात केली होती.

सटवाजी झरीचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. कुणा फिरत्या फोटोवाल्याच्या पेट्या उचलता उचलता शिकला आणि मेंढरांतून उठला. बायको मात्र झरीलाच राहिली. ती म्हणायची, "म्या मेंढरं राखते, आमचे हे माणसं राखायलेत. मेंढरं तरी दूध देतात." कॅमेऱ्याच्या पेटीसमोर लोक बसवले की सटवाजी दातांतून 'हिर्रर्र' असा आवाज काढायचा, मेंढरांना काढतात तसाच, आणि सगळी माना वर करायची. मोठमोठे अडते, पागोटी घातलेले, हिर्रर्र म्हटलं की मान वर. 'हसा' असं तो कधी म्हणायचा नाही. कुणी हसलंच तर थांबायचा. "झालं का हसून? आता बसा."

नखं त्याची औषधांनी कायम तपकिरी. अंगाला एक आंबूस वास. बोलताना डावा डोळा मिटायचा आणि उजव्यानं बघायचा, त्यामुळं त्याच्याशी बोलणाऱ्या माणसाला आपल्या मागं काहीतरी आहे असं वाटून उगीच वळून बघावंसं वाटे. चहा मागवायचा आणि विसरायचा. थंड झालेला चहा साय धरल्यावर साय बोटानं काढून, डोळ्यापुढं धरून, तीतून उजेडाकडं बघायचा.

त्याच्या स्टुडिओत एक रंगवलेला पडदा होता. त्यावर तळं, तळ्यात दोन हंस, काठावर बंगला. गिऱ्हाईक त्या तळ्यासाठीच यायचं. आणि हा बाबा पडदा उलटा लावायचा, कोरी बाजू पुढं. आमच्या ह्यांनी एकदा विचारलं, "सटवाजी, लोकांना तळं पायजे तर देत का न्हाईस?"

"मानवतला तळं हाय का, मालक?"

"न्हाई."

"मंग फोटूत कुठनं आलं?"

ह्या माणसाचं दुकान चालणार कसं, ते तुम्हीच सांगा.

त्याच्या गळ्यात एक कापडी पिशवी असे आणि पिशवीत नांदेडहून आणलेली एक गोल लाल काच. आम्ही गळ्यात लिंग बांधतो तशीच ती दोऱ्याला. माझ्या सासूबाई, आत्याबाई म्हणायचो आम्ही, त्याची थट्टा करायच्या. "सटवाजी, तू बी लिंगायतच की रं. पूजा करतूस का न्हाई त्येची?" तो म्हणायचा, "दिसाढवळ्या करतो, काकू." बाहेर कुठं फोटो काढायचा असला की ती काच पेटीच्या डोळ्यापुढं धरायची. मग भर दुपारचं निळं आभाळ कागदावर काळंभोर उतरायचं, तव्यासारखं. खाली माणसं उन्हात, सावल्या पायाशी, आणि वर काळोख. पहिल्यांदा बघणारा कागद उलटसुलट करून बघायचा. कुणी म्हणालं, "हे काय केलंस रं?" की त्याचं ठरलेलं उत्तर. एकच. "मी काय केलं न्हाई. होतं तसं घेतलं."

हे वाक्य तो इतक्या वेळा म्हणायचा की आमची पोरं खेळात म्हणायची. बरणी फुटली, "मी काय केलं न्हाई, होतं तसं घेतलं."

पण खरंच, तो काही करत नसे. त्याला फक्त दिसायचं. पेडगावच्या न्हाव्यानं दुकानासाठी मोठा आरसा घेतला आणि तो छातीशी धरून निघाला रस्त्यानं. आरसा त्याच्या डोक्याहून उंच, थोडा मागं कललेला. सटवाजीनं समोरून फोटो घेतला. फोटोत धड माणसाचं, धोतर, वहाणा, आणि डोक्याच्या जागी चौकोनी काळं आभाळ, त्यात एक घार. न्हावी फोटो बघून बराच वेळ चाचपडला.

"माजं मुंडकं कुठाय?"

"आरशामागं."

"मंग मागनं काढायचा की, येड्या!"

"मागनं मुंडकं दिसलं आसतं. आभाळ कुठनं आलं आसतं?"

न्हाव्यानं फोटो घेतला नाही. तो पुढं किती वर्षं आमच्या तुरीच्या पोत्यांवर लटकत होता. 'ती शहाणी' तिकडं जाताना पदर डोक्यावर घ्यायची, त्या मुंडकं नसलेल्या परपुरुषासमोर.

मग अण्णा गेले. आमच्यात गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत, बसवतात. आंघोळ घालून, विभूती लावून, हातात लिंग देऊन, खुर्चीत ताठ बसवून मिरवत नेतात. सगळ्यांनी ठरवलं, एक फोटो पाहिजे. मधे अण्णा, मागं मुलं, जावई. भर दुपार, ऊन समोरून. सटवाजीनं सवयीनं हिर्रर्र केलं. कागदावर जे उतरलं ते बघून घरात रडारड थांबली. उन्हानं झाडून सगळ्यांचे डोळे मिटलेले, माना कललेल्या, दोन दिवस झोप नसलेली तोंडं लोंबलेली. आणि अण्णांचे डोळे, जे नीट मिटलेच नव्हते, ते अर्धे उघडे. पूर्ण फोटोत जिवंत असा एकच माणूस दिसत होता.

आमचे हे चिडले. "सटवाजी, दुसरा काढ."

"कसा काढू, मालक? अन्ना परत बसतील का?"

आत्याबाईंनी तो फोटो पदरानं पुसला आणि देव्हाऱ्यामागं ठेवून दिला. म्हणाल्या, "आसू द्या. घरात त्येंचंच ध्यान आसायचं. बाकी सगळे झोपलेलेच." त्या दिवसापासून आत्याबाईंच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे तेवढे उरले. खाली कुंकू नाही.

हे लक्षात ठेवा. पुढं लागतंय.

माझी नणंद शिवकांता पेडगावला दिलेली. तिचा नवरा मन्मथप्पा, गरीब, हसरा माणूस. त्यानं शेताच्या कडेला घर बांधायचं काढलं. आमच्याकडं रीत अशी की भिंतींच्या आधी दाराची चौकट उभी करायची. तिची पूजा करायची, आणि मग तिच्या दोन्ही बाजूंनी भिंती चढवत न्यायच्या. सुतारानं सागवानी चौकट केली, स्वामी आले, चौकटीच्या लाकडाला विभूतीचे पट्टे ओढले, मग आमच्या कपाळांना. पोरांनी एका बोकडालाही ओढले. आणि पूजा झाल्यावर पाव्हणेमंडळी घरात निघाली.

घरात म्हणजे कुठं? रानात. चौकटीच्या अलीकडं नांगरलेलं रान, पलीकडं नांगरलेलं रान. डावीकडून जा, उजवीकडून जा, बैलगाडी जाईल एवढी वाट. पण एक माणूस बाजूनं गेला नाही. सगळे रांगेत उभे राहिले, वाकले, उजवा पाय उंबऱ्यापलीकडं टाकून आत गेले. त्या शहाणीनं तर आत जाण्याआधी चपला काढून बाहेर नीट जोडून ठेवल्या. आत पाऊल टाकलं तसा पायात सराटा मोडला. 'घरात' काटे कसे, म्हणून ती थक्क झाली होती, हे मला आजही आठवतं.

सटवाजीला मन्मथप्पानंच बोलावलं होतं. तो लांब ढेकळांत उभा राहून सगळं बघत होता, डावा डोळा मिटून. मग त्यानं लाल काच काढली. शिवकांता उंबऱ्यावर बसून सुपात गहू पाखडत होती, 'आत' चारपाच बायका दाटीवाटीनं उभ्या, जणू खोली लहान आहे. बोकड चौकटीला बाहेरून मान घासत होता. त्यानं हिर्रर्र केलं नाही. नुसता घेतला.

एका सकाळी तो फोटो त्यानं दुकानात आणला, दोन्ही तळहातांवर धरून. फोटोत सगळं रान उघडं, मधोमध एकटं दार, वर काळंकुट्ट आभाळ, आणि बायका दाराच्या आत दाटीनं उभ्या, जणू भिंतींच्या बाहेर कुणाचा पाय पडू नये म्हणून सांभाळून. आमचे हे म्हणाले, "झकास!" आणि साखर जोखायला लागले. सटवाजी माझ्याकडं वळला.

"वयनी, ह्यो एक. बाकीचे समदे गेले तरी चालतील. मुंबईला प्रदर्शन हाय, खऱ्या गावाचे खरे फोटू मागवलेत. ह्यो बघितला की मानतील. होतं तसं घेतलंय, मानतीलच."

मी मान डोलावली. पण बाईचा डोळा आधी कपाळावर जातो. फोटोत शिवकांताच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे लख्ख. खाली कुंकू नाही. एकीच्याही नाही.

"भावजी, कुंकू कुठाय?"

"लाल काचंतून लाल दिसत न्हाई, वयनी. कातडीत मिसळून जातंय."

शहाणी मॅट्रिक पास होती, तिला काय ते समजलं नाही. तिला एवढंच समजलं की जिचा नवरा धडधाकट आहे अशी तिची नणंद कागदावर आत्याबाईंसारखी दिसते, आणि ती तशी मुंबईला निघाली आहे. दुपारी सटवाजी जेवायला गेला. पुढचं सांगितलंच. तो मंद लाल दिवा, काचेखालून ओढून काढलेला फोटो, कपाळावर पांढरे पट्टे दिसतील तिथं खाली एक बोट. म्हणून बोकडालाही लागलं. संध्याकाळची एस.टी. गाठायची म्हणून सटवाजीनं फोटो आतच, त्याच लाल दिव्यात, काळ्या कागदात गुंडाळला आणि पार्सल बांधलं. सकाळी उजेडात डोळे भरून बघून झालं होतं, पुन्हा कशाला बघेल? आणि लाल दिव्यात त्याला तरी लाल कुठून दिसणार?

पार्सल वापस आलं तेव्हा दुकानात गर्दी होती. आत्याबाई गल्ल्याशेजारी जपाची माळ घेऊन. मी गुळाची ढेप फोडत होते. सटवाजीनं सगळ्यांसमोर दोरा तोडला. काळा कागद उघडला.

काळ्यापांढऱ्या रानात तांबडेलाल डाग. कुंकू कसलं, जखमाच म्हणा. शिवकांताचं कपाळ, मागच्या बायकांची कपाळं, एकीच्या नाकावरून ओघळ. आणि बोकड, सुवासिनीसारखा. गर्दीतून कुणीतरी खिदळलं. सटवाजीनं फोटो उलटा केला. मागं शिसपेन्सिलीनं एकच शब्द होता. 'बनावट'.

त्यानं अंगठा जिभेला लावला आणि शिवकांताच्या कपाळावरचं कुंकू पुसायला लागला. जोरात, दोनदा, तीनदा. त्याला खालचा त्याचा फोटो बघायचा होता, दुसरं काही नाही. पण दुकानभर माणसांच्या देखत एक पुरुष एका सवाष्णीचं कुंकू थुंकीनं पुसत होता, आणि तिची आई शेजारी बसून बघत होती. कुंकू निघालं, गुलाबी डाग राहिला, विभूती तशीच. आत्याबाई पुढं वाकल्या.

"ही तर म्या हाय," त्या म्हणाल्या.

कुणी लावलं, हे कुणी विचारलंच नाही. सगळ्यांना वाटलं त्यानंच, शोभा यावी म्हणून. शहाणी गूळ फोडत राहिली. सटवाजीनं बोकडाकडं बघितलं, मग डावा डोळा मिटून माझ्याकडं. मला वाटलं, सवय आहे त्याची.

आमचे हे म्हणाले, "दुसरी कॉपी काढून धाड की."

"बनावट म्हननाऱ्याला परत कशाला दावू?" एवढं बोलून तो पडद्याआड गेला. ताठा फार त्याला. त्या ताठ्यानं मी वाचले, असं मी तेव्हा मनात म्हटलं होतं. कसली वाचले!

पुढच्या सुगीच्या आत मन्मथप्पा काविळीनं गेला. हसरा माणूस पिवळा होत होत विझला. चौकट रानात तशीच उभी, तिला भिंती चढल्याच नाहीत. आणि मग बायांनी गणित जुळवलं. आमच्याकडं पाचवीला सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर लिहून जाते म्हणतात. पाणवठ्यावर एकजण म्हणाली, "सटवाईनं लिहावं आन् ह्या सटवाजीनं पुसावं." शब्द असा चिकटला की निघेना. लग्नाची बोलावणी बंद झाली. नवरीला त्याच्यासमोरून नेत नसत. बाया त्याच्या बाकड्यासमोरून जाताना कपाळावर हात धरून जायच्या, ऊन लागल्यासारखा. मीही धरायचे. होय, मीही! पुसलं त्यानं, पण लावलं कुणी होतं, हे ठाऊक असलेली जगात मी एकटी, आणि तरी कपाळ झाकून जायचे. त्या शहाणीला तिथून उचलून एक ठेवून द्यावी असं आजही वाटतं, पण हात मागं पोचत नाही.

एक दिवस बघते तर त्याच्या स्टुडिओतला पडदा सुलट लावलेला. तळं, हंस, बंगला. एक मुलगा परीक्षेच्या फॉर्मसाठी फोटो काढायला बसलेला आणि सटवाजी त्याला म्हणत होता, "हसा."

लाल काच तेव्हापासून त्याच्या गळ्यात दिसली नाही.

पुढं रंगीत आलं, मग मोबाइल आले, बाकड्यावर गिऱ्हाईकाऐवजी तोच बसायला लागला. जुन्या काळ्यापांढऱ्या फिल्मा त्यानं बिस्किटांच्या डब्यांत भरून पत्र्यावर ठेवल्या होत्या. पत्रा गळत होता, हे आम्हाला आमची तूर भिजल्यावर कळलं. डबे उघडले तर सगळ्या फिल्मा एकमेकींना चिकटून एकेक वीट झालेली. त्यानं एक वीट कानाशी हलवली आणि परत झाकण लावलं. झरीला बायको गेली, तो परत गेला नाही. काचबिंदूनं आधी डावा डोळा गेला, जो तो मिटून घ्यायचा तो. मी म्हटलं, "तो कशाला लागतोय तुम्हाला?" हसला. मग उजवाही गेला.

आमचे हे गेल्यावर दुकान मुलानं बंद केलं, पण तो कोपरा सटवाजीचाच ठेवला. चहा मी नेऊन देते. साय धरेपर्यंत तो हातात धरून बसतो. माझ्या कपाळावर आता विभूतीच असते. मला बघायला लाल काचेची गरज उरली नाही, असं मी त्याला एकदा म्हणाले. त्यानं चहावरची साय बोटानं बाजूला केली आणि म्हणाला, "मालक लय चांगले होते." माझा विनोद वाया गेला.

गेल्या वर्षी माझी नात गार्गी सुटीला आली. माझी ट्रंक उपसताना तिला तो फोटो सापडला, त्या दिवशी गल्ल्यावर पडलेला मी उचलून लपवला होता तो, गुलाबी डागांसकट. कॉपी तेवढी एकच उरली होती. ती वेडीच झाली. "आजी, हे काय आहे! हे कुणी काढलं?" मोबाइलवर तिनं डाग पुसले आणि फोटो जगाला दाखवला. मग पळत कोपऱ्यात गेली, तिच्यामागं मी.

"आजोबा, हजारो लोक बघतायत!"

सटवाजी उठून बसला. किती वर्षांनी त्याचा चेहरा तसा दिसला, आरसा घेऊन चाललेल्या न्हाव्याच्या दिवसासारखा. "काय म्हनायलेत?"

गार्गी वाचता वाचता थांबली. तिला खोटं बोलता येत नाही, आईवर गेलीये.

"म्हणतायत... मशीननं बनवलंय."

"कोंची मशीन?"

"कॉम्प्युटर, आजोबा. आता त्याला नुसतं सांगायचं, रानात एकटं दार, काळं आभाळ, बायका. ते काढून देतं."

"कॅमेऱ्याबिगर?"

"हो."

"उजेडाबिगर?"

"हो."

त्यानं थंड चहा बाजूला ठेवला. "मंग तितं जावं बी लागत न्हाई?"

मला राग आला. म्हटलं, गार्गे, लाव तुझा मोबाइल, मी बोलते. नऊवारीचा पदर सावरून मी जगाला ठणकावून सांगितलं की मी तिथं होते, मी त्या दारातून वाकून गेले, माझ्या पायात सराटा मोडला. खाली लगेच कुणीतरी लिहिलं, 'ही आजीपण मशीननंच बनवलीय, बघा, बोटं नीट बघा, मशीनला बोटं जमत नाहीत.' मी माझी बोटं बघितली. मला पोट धरून हसू आलं. सटवाजी हसला नाही.

"शिवकांताबाई हायत," तो म्हणाला. "फोटूत त्याच हायत. त्या म्हनल्या तर मानावं लागंल."

गेलो आम्ही पेडगावला, गार्गीच्या बापाच्या गाडीतून. शिवकांता दिराच्या अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत राहते. आता कुणाच्या मदतीशिवाय उठवत नाही तिला. गार्गीनं मोबाइल तिच्या डोळ्यांपुढं धरला. ती बघत राहिली. सटवाजी दाराशी उभा, मान कलती, कान तिच्याकडं.

"कोन म्हनायची ही बाई? कवाची रांडाव झालीया, पोर दिसतीया अजून."

"आत्याआजी, तुम्हीच आहात ही," गार्गी म्हणाली. "चौकट बसवली त्या दिवशी."

"म्या?" ती हसायलाच लागली. "चौकटीच्या दिशी आमचे हे उभे होते की समोर! कपाळ भरून कुंकू होतं माझ्या. ही कशी म्या आसंल?" मग पुन्हा बघितलं. "आन् भिताडं कुठायत हिच्या घराला? आमच्या घराला भिताडं होती, दगडाची. चांगली ह्या हातानं सारवल्यात म्या. ही कुनाची तरी खोटी बाई काढलीया, पोरी."

कुठल्या तोंडानं सांगू तिला, की बाई, तुझ्या घराला भिंती कधी नव्हत्याच? ज्या घरात ती नवऱ्याबरोबर नांदली, ते तिनं एवढ्या वर्षांत मनात बांधून काढलं होतं. ते पाडायला मी गेले नाही.

सटवाजी म्हणाला, "बाई, मी काय केलं न्हाई..." आणि तिथंच थांबला. पुढचे शब्द, आमची पोरंसुद्धा खेळात म्हणायची ते, त्यानं म्हटले नाहीत.

परतताना त्यानं गाडी शेताशी थांबवायला लावली. चौकट केव्हाच कुणीतरी गोठ्याला नेली होती. नांगरलेलं रान, दुसरं काही नाही. गार्गी गाडीत बसून राहिली. मी त्याचा हात धरून बांधावरून नेलं.

"कुठं होती, वयनी?"

अंदाजानं मी एका जागी थांबले. "ही बघा, समोर आहे."

मी थट्टेनं म्हणाले होते. पण त्यानं वहाणा काढल्या, एका बाजूला जोडून ठेवल्या, मान खाली घातली, कमरेत वाकला आणि उजवा पाय उचलून, नसलेल्या उंबऱ्याच्या पलीकडं सावकाश टाकला. वर स्वच्छ दुपार होती. पलीकडं गेल्यावर तो सरळ झाला, आणि माझ्याकडं न वळता म्हणाला,

"वयनी, त्या फोटूत तेवढं तुमी लावलेलं कुंकूच खरं होतं म्हना. बाकी समदं मीच रचलं आसंल."